अस्वल, बंदूक आणि एक मत

"ती कुस्तीवाली बाई अमेरिकेत शिक्षणमंत्री झाली, हे खरं का गो? की आमच्या भाच्याने मोबाइलवर पाठवलेली आणखी एक थाप?"

माईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या एका हातात सुतळी होती आणि दुसऱ्या हातात दगड. त्यांच्या आणि आमच्या परड्यामध्ये जांभ्याचा गडगा आहे. त्यावर यंदा, २०२५ साली, त्यांनी पडवळ चढवलंय. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून शेंड्याला दगड बांधावा लागतो. वेल माईंचा, पण निम्मी पडवळं माझ्या हद्दीत लोंबतात. त्यामुळे श्रावणात पावसाने जरा उघडीप दिली की मी पडवळ धरायचं आणि त्यांनी दगड बांधायचा, असं आमचं ठरून गेलंय. काम दहा मिनिटांचं. पण ते दहा मिनिटांत उरकल्याचं गडग्याच्या दोन्ही बाजूंना कुणाला आठवत नाही.

"खरं आहे," मी म्हटलं. "लिंडा मॅकमहन. मार्चमध्येच झाली. पण ती स्वतः पैलवान नाही हो. नवरा-बायकोची कंपनी कुस्त्यांची. आमचा धाकटा लहानपणी ते पत्ते जमवायचा बघा, अंडरटेकर नि कोण कोण. ती कंपनी."

"ट्रम्प कार्ड!" माई म्हणाल्या. "दर सोमवारी माझ्या वर्गात एक गठ्ठा जप्त व्हायचा. तुझ्या धाकट्याचा पण आहे, तो अजून मी दिलेला नाही. म्हणजे ट्रम्पने ट्रम्प कार्डातलीच बाई काढलीन् म्हण."

"त्या कुस्त्यांमध्ये नाटक असतं ना, त्यात ती पण उतरायची. २००१ साली भर स्टेडियममध्ये व्हीलचेअरवरून उठून नवऱ्यालाच लाथ घातली होती तिने."

"खरी खरी?"

"छे हो. सगळं आधी ठरवून."

"तेवढं एक वाईट वाटलं," माई म्हणाल्या आणि सुतळीची गाठ आवळली.

माई म्हणजे आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गावातला सरपंच काय, तलाठी काय, ज्याच्या त्याच्या चौथीचा निकाल त्यांना तोंडपाठ. माझी मुलगी मिशिगनात असते, म्हणून अमेरिकेचं जे काही होतं त्याचा जाब त्या मला विचारतात. डॉलर वाढला तरी मला, तिकडे बर्फ पडलं तरी मला.

"पण शिक्षणाशी तिचा काय संबंध?"

"अगदीच नाही असं नाही. तिच्या राज्याच्या, कनेटिकटच्या, शिक्षण मंडळावर होती थोडे दिवस. आणि ट्रम्पच्या पहिल्या खेपेला छोट्या उद्योगांच्या खात्याची प्रमुख होती. तेव्हा ८१ विरुद्ध १९ मतांनी पास झाली होती. या वेळी ५१ विरुद्ध ४५."

"पास म्हणजे? परीक्षा घेतात?"

"घेतातच की. राष्ट्राध्यक्षाने नुसतं नाव द्यायचं. मग सिनेटची समिती त्या माणसाला समोर बसवून जाहीर प्रश्न विचारते. टीव्हीवर सगळं दिसतं. त्याच्या पैशाअडक्याचे कागद तपासतात, मग समितीत मतदान, मग सगळ्या सिनेटमध्ये मतदान. तिथे होकार मिळाला तर शपथ."

"म्हणजे दाखवायचा कार्यक्रम."

"तसंच समजा."

"आणि मुलगी नापसंत किती वेळा होते?"

इथे मी जरा अडखळले, कारण उत्तर माझ्या बाजूचं नव्हतं. "मतदानाने नापसंत झालेला शेवटचा उमेदवार १९८९ सालचा. जॉन टॉवर नावाचे गृहस्थ, संरक्षण खात्यासाठी. ४७ विरुद्ध ५३. ते स्वतः माजी सिनेटर, तरी पडले. त्यानंतर मंत्रिपदाच्या मतदानात कुणी पडलेलं नाही. लक्षण बरं दिसत नसेल तर आधीच नाव मागे घेतात."

"छत्तीस वर्षं नापसंती नाही, तर पोहे करता कशाला?" माई म्हणाल्या. "लग्न ठरलेलं, हॉल ठरलेला, नि मुलीला म्हणे चालून दाखव."

मला खरं म्हणजे चहा टाकायचा होता. पण हे ऐकून घेणं शक्य नव्हतं. कारण ट्रम्पच्या पहिल्या खेपेच्या शिक्षणमंत्र्याचा जो कार्यक्रम झाला, २०१७ सालचा, तेव्हा मी तिथेच होते. नातवाच्या बाळंतपणाला गेले होते. बाहेर बर्फ, आत बाळंतीण, मी डिंकाचे लाडू वळतेय आणि समोर टीव्हीवर ती सुनावणी.

"माई, तुम्हाला ॲमवे आठवतं का?"

"न आठवायला काय झालं? तालुक्याला टाय लावलेली मुलं बैठका घ्यायची."

"त्या ॲमवेवाल्यांची सून. बेट्सी डेव्हॉस. सासरा ॲमवेचा एक संस्थापक. आमची मुलगी राहते ते ग्रँड रॅपिड्स म्हणजे त्यांचंच गाव. लहान मुलांच्या हॉस्पिटलला त्यांच्या सासूचं नाव, सभागृहाला त्यांचं नाव. दुसऱ्या भागीदाराचं नाव बास्केटबॉल-हॉकीच्या मैदानाला. माहेर पण तालेवार. वडिलांचा मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना. भाऊ तर ब्लॅकवॉटरचा संस्थापक, ती इराकमध्ये बंदूकधारी पुरवणारी कंपनी."

"घर मोठं आहे," माईंनी मान्य केलं. "पण शाळा?"

"सरकारी शाळेत बाई स्वतः शिकलेली नाही, पोरं शिकलेली नाहीत, कधी शिकवलेलं नाही. सुनावणीत हे विचारलंच त्यांना. त्यांचं सगळं आयुष्य गेलं ते दुसऱ्या बाजूला. म्हणजे सरकारने पोरामागे व्हाउचर द्यावं, आणि आईबापांनी ते घेऊन हवी ती खासगी शाळा गाठावी. २००० साली मिशिगनात त्यासाठी सार्वमत लावलं होतं, डेव्हॉस कुटुंबाचा त्यात मोठा पैसा. लोकांनी दणकून पाडलं."

"आणि तिला सबंध देशाच्या शाळांवर बसवलीन्."

"बसवलीन् नाही, बसवायचं ठरवलंन्. तीच तर गंमत. १७ जानेवारीची संध्याकाळ. समितीचा अध्यक्ष लमार अलेक्झांडर म्हणून. तो स्वतः १९९१ ते ९३ त्याच खात्याचा मंत्री. त्याने फर्मान काढलं, प्रत्येक सभासदाला पाच मिनिटं आणि एकच फेरी. विरोधी पक्षाचे ओरडतायत, अहो बाईंच्या मालमत्तेचे कागद अजून पुरे आलेले नाहीत, आणि तुम्ही घाई कसली करताय!"

"पाच मिनिटांत काय होतं? माझा हजेरीपट होत नाही."

"त्या पाच-पाच मिनिटांतच बाई तीनदा अडकल्या. पहिला प्रश्न तुमच्याच अखत्यारीतला आहे, ऐका. अल फ्रँकन नावाचा सिनेटर, पूर्वी टीव्हीवर विनोदी कामं करायचा. त्याने विचारलं, मुलाला त्याच्या इयत्तेचं सगळं येतं का हे मोजायचं, की वर्षभरात ते होतं तिथून किती पुढे सरकलं हे मोजायचं? तुमचं मत काय?"

माईंनी दगड गडग्यावर ठेवला. "आणि ती काय म्हणाली?"

"तिला प्रश्नच नीट कळला नाही. दोन्हींची गल्लत केली. फ्रँकनने तिथेच सांगितलं, शिक्षणात हा वाद वर्षानुवर्षं चाललाय आणि बाईंना तो ठाऊक नाही याचं नवल वाटतं."

"नवल? अगो, यावरच तर आमच्या नोकऱ्या गेल्या!" माईंचा आवाज चढला. "आपल्या खालच्या वाडीतला तो मासेवाल्यांचा मुलगा. चौथीत माझ्याकडे आला तेव्हा त्याला 'क' नि 'फ' वेगळा दिसत नव्हता. बाप होडीवर, आई बाजारात, पोर वर्षातले चार महिने शाळेत. मार्चला तो दुसरीचं पुस्तक वाचायला लागला. एक एक शब्दावर बोट ठेवून, पण वाचायला लागला. आणि तपासणीला साहेब आले. त्यांनी चौथीचा उतारा समोर धरला. पोर गप्प. साहेबांनी लिहिलं, अप्रगत. दोन इयत्ता एका वर्षात चढलेलं पोर अप्रगत, आणि ज्याला घरी बापाने शिकवलं, वर्षभर माझ्याकडून काही नवं घेतलं नाही, ते प्रगत. म्हणून तर नंतर वर्षारंभी पायाभूत चाचणी नि मग संकलित असं सुरू केलं, निदान सुरुवात कुठून झाली ते तरी कागदावर यावं. एवढं जिला माहीत नाही ती..."

"तेच म्हणते मी. हा प्रश्न विचारलाच नसता तर कळलं असतं का?"

माईंनी उत्तर दिलं नाही, नुसतं दुसरं पडवळ माझ्या हातात दिलं. ही त्यांची कबूल करायची पद्धत.

"आता दुसरा. ख्रिस मर्फी, कनेटिकटचा. त्याच्या राज्यात सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २०१२ साली एका माथेफिरूने गोळीबार केला होता. वीस कोवळी पोरं आणि शाळेतली सहा मोठी माणसं गेली. त्याने विचारलं, शाळेत बंदुका असाव्यात का? बाई म्हणाल्या, ते राज्यांनी ठरवावं. आणि उदाहरण काय दिलं? वायोमिंगमध्ये वापिटी म्हणून खेडं आहे. तिथल्या शाळेला अस्वलांसाठी कुंपण घातल्याचं तिथल्या सिनेटरने, माइक एन्झीने, आधी बोलण्यात सांगितलं होतं. तर बाई म्हणाल्या, तिथे अस्वलांपासून संरक्षणाला बंदूक असेल, असं वाटतं."

"अस्वल?"

"अस्वल. दुसऱ्या दिवशी देशभर तेच. मुलीच्या ऑफिसात, दुकानात, जो तो अस्वल."

"आपल्या शाळेमागे बिबट्या यायचा," माई म्हणाल्या, "तेव्हा आम्ही पोरं वर्गात कोंडायचो आणि शिपाई मधल्या सुट्टीची घंटा बडवत बसायचा. कुणाला बंदूक सुचली नाही. वनखातं तीन दिवसांनी यायचं ते वेगळं."

"आणि यातली भावकी सांगू का? हा मर्फी सिनेटवर निवडून आला कुणाला पाडून? याच कुस्तीवाल्या लिंडाबाईला! २०१२ साली. त्याआधी २०१० ला ती दुसऱ्या कुणाकडून पडली होती. दोन निवडणुकांत घरचे दहा कोटी डॉलरच्या आसपास घातले म्हणतात. आणि या फेब्रुवारीत तिची सुनावणी झाली तेव्हा समितीत समोर कोण? मर्फी."

माईंचे डोळे चमकले. "मग? काढला ना त्याने वचपा?"

"वचपा कसला? त्यानेच तर तिला पाडलेलं. पण सोडलं नाही. त्याने विचारलं, शाळेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा वर्ग घेतला तर ट्रम्पच्या नव्या हुकुमाने शाळेचा पैसा जाईल का? तिला ठाम उत्तर देता आलं नाही."

"गावचा सिनेट काय आणि त्यांचा सिनेट काय," माई समाधानाने म्हणाल्या. "तिसरं सांग. तीनदा अडकली म्हणालीस."

तिसरं सांगताना मला थोडं जपून बोलावं लागलं. माझा तो नातू, जो तेव्हा पाळण्यात होता, तो तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. आता आठ वर्षांचा आहे आणि एकदा सुरू झाला की थांबत नाही. पण ते आपोआप झालेलं नाही. तिथल्या सरकारी शाळेत त्याच्यासाठी वेगळा आराखडा करतात. वर्षातून एकदा शिक्षिका, वाचातज्ज्ञ आणि आईबाप एका टेबलाशी बसतात आणि लिहून काढतात, या वर्षी 'र' आणि 'ल' सुटे यायला हवेत, पाच शब्दांचं वाक्य यायला हवं, आठवड्याला इतका वेळ. फी नाही. शाळेला ते द्यावंच लागतं, कारण १९७५ चा केंद्राचा कायदा आहे.

"त्या कायद्याबद्दल बाईंना विचारलं," मी म्हटलं, "की सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेला हा लागू असावा ना? बाई म्हणाल्या, राज्यांवर सोडावं. न्यू हॅम्पशायरची मॅगी हॅसन म्हणून सिनेटर आहे, तिच्या स्वतःच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी. तिने पुन्हा विचारलं, हा केंद्राचा कायदा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? तेव्हा बाई म्हणाल्या, माझा घोळ झाला असेल."

माई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या शाळेत असा एक मुलगा होता. त्याला पहिलीपासून शेवटच्या बाकावर बसवलं होतं आणि सातवीपर्यंत तो तिथेच बसला. हे त्यांनी मला पूर्वी एकदा सांगितलंय, त्यामुळे पुन्हा सांगायची गरज नव्हती.

"मग पडली की नाही?" त्यांनी विचारलं.

"ऐका तर. समितीत १२ विरुद्ध ११. सुटली. सिनेटमध्ये तिच्या पक्षाचे ५२, समोर ४८. म्हणजे सरळ हिशेब. पण लोकांनी फोन करकरून सिनेटरांच्या कचेऱ्यांच्या लाइनी तुंबवल्या. मुलीच्या शेजारी एक निवृत्त मास्तरीण राहते, ती सकाळी कॉफी घेऊन फोन धरून बसायची. मिशिगनचे दोन्ही सिनेटर आधीच विरोधात होते! मी म्हटलं, अगं बाई, ते तुझ्याच बाजूचे आहेत. तर म्हणे, त्यांनाही कळू दे मी जागी आहे."

"माझ्यासारखी दिसते."

"हुबेहूब. मग १ फेब्रुवारीला तिच्याच पक्षाच्या दोन बायका उठल्या. मेनची सुझन कॉलिन्स आणि अलास्काची लिसा मर्कोव्स्की. दोघींनी समितीत तिला पुढे जाऊ दिलं होतं, पण आता म्हणाल्या, आम्ही विरोधात मत देणार. झाले ५० विरुद्ध ५०. आणखी एक फुटला की संपलं. विरोधकांनी ६ तारखेच्या दुपारपासून ७ च्या दुपारपर्यंत सबंध चोवीस तास सभागृहात भाषणं चालू ठेवली. रात्रभर. कुणीतरी एक फुटेल म्हणून."

"फुटला?"

"नाही. त्यात सत्ताधाऱ्यांचीही चलाखी बघा. जेफ सेशन्स म्हणून त्यांचा एक सिनेटर होता, त्याची स्वतःची नेमणूक ॲटर्नी जनरल म्हणून व्हायची होती. ती आधी झाली असती तर तो सिनेटमधून जाणार आणि एक मत कमी होणार. म्हणून बाईंचं मतदान ७ ला लावलं आणि त्याचं ८ ला. ५०-५० झाले, उपाध्यक्ष माइक पेन्स येऊन खुर्चीत बसला आणि आपलं मत टाकलं. ५१ विरुद्ध ५०. मंत्र्याच्या नेमणुकीसाठी उपाध्यक्षाला मत टाकावं लागलं, असं त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा."

"आपल्या ग्रामपंचायतीला समान मतं पडली की लहान पोराकडून चिठ्ठी काढतात," माई म्हणाल्या. "तेच बरं. पोर निदान कुठल्या पक्षाचं नसतं. पण त्या दोघींचं काय? त्या का फिरल्या?"

"हेच कुणी विचारत नाही बघा. अलास्कात कितीतरी खेड्यांना रस्ताच नाही. विमानाने नाहीतर होडीने जायचं. गावात शाळा एक. मर्कोव्स्कीचं म्हणणं होतं की अशा ठिकाणी सरकारी शाळा हीच शाळा, आणि बाईंना त्या शाळांचा अनुभवच नाही. मेन पण तसंच, सगळी खेडी."

माईंनी वर बघितलं. गडग्यापलीकडे त्यांचं परडं, त्यापलीकडे पऱ्ह्या आणि त्यापलीकडे आमची शाळा. पऱ्ह्या भरला की शाळेला सुट्टी.

"म्हणजे व्हाउचर हातात दिलंन् तरी ते घेऊन पोर जाणार कुठे?" त्या म्हणाल्या. "इथेही तेच. वीसच्या खाली पट म्हणून आपली शाळा त्या समूह शाळेच्या यादीत घालायची चर्चा दोन वर्षांपूर्वी उठली तेव्हा साहेब मला म्हणाले, बाई, पुढच्या गावात मोठी शाळा होईल, संगणक असेल, खेळाचं मैदान असेल. मी म्हटलं, आणि तिथवर पहिलीचं पोर जुलैत न्यायचं कुणी, तुम्ही? निवड करायला दोन दुकानं लागतात. एकच दुकान असलं तर त्यातला तांदूळ चांगला असला पाहिजे, एवढंच मागणं."

"हे तुम्ही सिनेटमध्ये सांगायला हवं होतं."

"बोलावलं असतंन् तर गेले असते. पुढे काय केलंन् त्या बाईने?"

"चार वर्षं काढली. पण ट्रम्पने निवडणुकीत व्हाउचरसारख्या योजनांना वीस अब्ज डॉलर देईन म्हटलं होतं, ते संसदेने काही दिले नाहीत. शाळांच्या एकूण खर्चात केंद्राचा वाटा तिथे जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी राज्य आणि गावं. २०२१ च्या जानेवारीत त्यांच्या संसद भवनावर जमाव चालून गेला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला, बाईंनी राजीनामा दिला. आता यंदाच्या जुलैत खासगी शाळांच्या शिष्यवृत्त्यांना देणगी देणाऱ्यांना करसवलत असा कायदा झालाय, पण राज्यांना हवा असेल तरच."

"आणि कुस्तीवाली?"

"तिला तर खातं बंद करायलाच आणलंय. ट्रम्प उघड म्हणाला, तिने स्वतःचीच नोकरी घालवावी. तिची शपथ झाल्यावर दोनतीन आठवड्यांतच खातं मोडीत काढायच्या तयारीचा हुकूम निघाला. निम्म्या माणसांना घरी पाठवायचं ठरलं. लोक कोर्टात गेले, आणि आत्ता जुलैत सुप्रीम कोर्टाने सांगितलं, खटला चालू दे, तोवर कपात करायला हरकत नाही."

"म्हणजे बुडालं."

"पूर्ण नाही. खातं १९७९ साली कार्टरच्या वेळी संसदेच्या कायद्याने झालंय. ते मोडायचं तर संसदच पाहिजे. आणि हे कुणी कबूल केलं? लिंडाबाईंनीच, सुनावणीत, सगळ्यांसमोर. विचारलं म्हणून बोलाव्या लागल्या. माझ्या नातवाच्या त्या कायद्याचा पैसा चालू राहील असंही त्यांच्याकडून वदवून घेतलंय. उद्या फिरल्या तर ती चित्रफीत कुणीही लावून दाखवेल. तुम्ही विचारलंत ना, उपयोग काय? नेमणूक अडत नाही, मान्य. पण तोंडून निघालेलं अडतं."

माईंनी सुतळी दातात धरली होती ती काढली. त्या नागरिकशास्त्र पण शिकवायच्या, हे मी विसरले होते.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "त्यांचा मंत्री निवडून आलेला नसतो. संसदेत बसत नाही. म्हणून त्यांना दारातच थांबवून विचारावं लागतं. आपला मंत्री खासदार असतो, नसला तर सहा महिन्यांत व्हावं लागतं, घटनेत लिहिलंय. तो रोज सभागृहात असतो, प्रश्नोत्तराचा तास असतो. मौलाना आझादांची कुणी सुनावणी घेतली नाही, तरी त्यांनी अकरा वर्षं खातं चालवलं. तुझ्या त्या सुनावणीतून पास झालेली बाई खातं विकायला निघते, आणि तू मला शिकवतेस?"

"पण माई, २०२० चं शैक्षणिक धोरण मंत्रिमंडळाने मंजूर केलं. संसदेत त्यावर मतदान झालं का?"

"धोरण आहे ते, कायदा नाही."

"आणि हिंदीचं काय? एप्रिलमध्ये शासन निर्णय, पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी. जूनमध्ये दुसरा शासन निर्णय, जरा शब्द फिरवून. गावोगाव ओरड झाली, मोर्चे ठरले, तेव्हा २९ जूनला दोन्ही रद्द आणि नरेंद्र जाधवांची समिती. हे सगळं आधी कुणी समोर बसवून विचारलं असतं, की पहिलीच्या पोराला तीन भाषा शिकवायला एकशिक्षकी शाळेत माणूस कोण, तर तीन महिन्यांचा तमाशा वाचला नसता?"

यावर माई बराच वेळ बोलल्या नाहीत. बहुतेक चिडल्या असाव्यात, कारण हा प्रश्न त्या स्वतः जूनमध्ये वाडीभर विचारत होत्या.

"विचारायला सिनेट कशाला लागतो?" शेवटी त्या म्हणाल्या. "शिक्षण हक्क कायदा २००९ चा. प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती. पाऊण सभासद पालक, निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतलाच. शाळेचा आराखडा, पोषण आहार, अनुदानाचा खर्च, सगळं विचारायचा हक्क आहे. किती जणी विचारतात? चहा पितात नि सही करून येतात. तुझी सून आहे ना यंदा समितीत?"

"आहे."

"नवा अध्यक्ष निवडायचाय म्हणे."

"हो. सरपंचाच्या मेहुण्याचं नाव पुढे आलंय."

"त्याचं?" माई गडग्यावर दोन्ही हात टेकून पुढे वाकल्या. "त्याची पोरं पिवळ्या व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात की!"

"थोरली दोघं जातात. धाकट्याचं नाव जूनमध्ये इथे घातलंय."

"समितीवर यायला?"

"आता ते मी कसं सांगू?"

"मी सांगते. त्याच्या धाकट्याला गेल्या आठवड्यात हजेरीत तीन दिवस गैरहजर लावलंय, आणि शनिवारी तो त्याच व्हॅनमध्ये बसलेला मी डोळ्यांनी बघितलाय. तुझ्या सुनेला सांग, मत टाकायच्या आधी त्याला समोर उभा कर आणि एवढंच विचार, आपल्या शाळेत पहिलीला मुलं किती आणि तांदूळ कुठल्या खोलीत ठेवतात? बस्स. दोन प्रश्न. पाच मिनिटं पण नकोत. बाकीच्यांची मतं कुठे आहेत?"

"सात इकडे, सात तिकडे."

"आणि तुझी सून?"

"तिचं अजून ठरलेलं नाही. ती पंधरावी."

माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या गृहपाठ न आणणाऱ्याकडे बघायच्या.

"अगो, हे आधी सांगायचं सोडून तासभर मला अमेरिका काय सांगत बसलीस?"